हॉर्न वाजेना, दिवा विझेना

हॉर्न नसलेली गाडी ही आपल्याकडे गाडीच नव्हे. एसी बंद पडला तर काचा खाली करता येतात, म्युझिक सिस्टिमने मान टाकली तर मोबाइल आहेच. पण हॉर्न नाही म्हणजे ड्रायव्हर मुका! म्हणूनच आमच्या दादाने (मावसभाऊ, पण सख्ख्याहून जास्त हुकूम सोडणारा) डॅशबोर्डवरचा लाल दिवा तीन आठवडे बिनदिक्कत सहन केला आणि गॅरेज गाठलं ते हॉर्नसाठी.

तो दिवा तुम्ही पाहिला असेल. सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे एक गोल. एअरबॅगचा दिवा.

दादा नागपूरला मिहानमध्ये नोकरी करतो. शुक्रवारी रात्री घरी कारंज्याला, सोमवारी पहाटे परत. २०२२च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि वाशिम जिल्ह्यातल्या अनेक पोरांचं हे असं वीकेंडचं गणित जमलं. आता तर जून २०२५ पासून मुंबईजवळच्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता खुला आहे. कारसाठी वेगमर्यादा १२०. त्यामुळे सेकंड हँड का होईना, पण गाडी हवीच. दादाने चार महिन्यांपूर्वी घेतली. 'सिंगल हँड, ज्येंटलमन ओनर, फुल्ली लोडेड' वगैरे.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हॉर्न आणि दिवा ही दोन्ही लक्षणं ऐकताच निदान केलं, "क्लॉक स्प्रिंग गेली." स्टिअरिंग गोल फिरतं, मग त्यावरच्या हॉर्नच्या आणि एअरबॅगच्या वायरी पीळ पडून तुटत कशा नाहीत? तर मध्ये बाकरवडीसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते. स्टिअरिंगबरोबर ती उलगडते, पुन्हा आवळते. ती तुटली की हॉर्नही जातो आणि एअरबॅगचा संपर्कही. म्हणजे दिवा सांगत होता की धडक बसली तर बॅग उघडेल याची खात्री नाही. दादाला मात्र फक्त 'पीं' ऐकू येत नव्हतं, एवढंच दुःख!

ही पट्टी बदलायची तर आधी एअरबॅग काढावी लागते. दादा लगेच म्हणाला, "दोन स्क्रू तर आहेत, व्हिडिओ पाहिलाय मी, घरीच काढू." मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "घाई कायले करतं? फटाका हाय तो. तोंडापुढं ठेवलेला."

आणि ते खरंच आहे. एअरबॅग म्हणजे हवेची पिशवी नाही. आत रासायनिक इंधनाच्या गोळ्या असतात, पूर्वी सोडियम अझाइडच्या, आता बहुतेक वेगळ्या रसायनांच्या. धडकेचा सिग्नल मिळाला की विजेच्या छोट्याशा झटक्याने त्या पेटतात, गॅस तयार होतो आणि सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांशांत पिशवी फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवतंय? ओलावा आणि उष्णतेने त्यातलं रसायन बिघडायचं आणि धातूचा डबाच फुटून तुकडे प्रवाशांना लागायचे. जगभर कोट्यवधी बॅगा परत मागवल्या गेल्या, भारतातल्या गाड्यांच्याही. २०१७मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

मिस्त्रींनी मग जे केलं ते मी डोळे फाडून बघत होते. चाकं सरळ केली, किल्ली काढली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला वळवली. आणि मग चहा मागवला! मला वाटलं, झाली सुट्टी. पण चहा हा कामाचाच भाग होता. अपघातात बॅटरीच चेपली तरी बॅग उघडावी म्हणून एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये थोडी वीज साठवलेली असते. ती उतरायला वेळ द्यावा लागतो. कंपनीच्या पुस्तकात कुठे दीड मिनिट लिहिलेलं असतं, कुठे तीन, कुठे दहा. "आपल्याले काय, चहा होते तवरक ते बी थंड होते," इति मिस्त्री.

चहा झाल्यावर त्यांनी आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावला, अंगातली स्टॅटिक वीज जावी म्हणून. नायलॉनचा शर्ट घालून हे काम करायचं नाही, हा त्यांचा नियम. मग स्टिअरिंगच्या मागच्या बाजूच्या भोकांतून स्क्रू ड्रायव्हर घालून आतल्या स्प्रिंगच्या क्लिपा दाबल्या. काही गाड्यांत क्लिपांऐवजी चांदणीच्या आकाराच्या डोक्याचे बोल्ट असतात. हे सगळं करताना त्यांचं तोंड स्टिअरिंगसमोर एकदाही आलं नाही, ते दारातून वाकून काम करत होते. "तुम्हाले सांगतो ताई, बॅग निघाली का अंगापासून दूर धरायची, कव्हरचं तोंड बाहेर. टेबलावर ठेवली तं कव्हर वर. उलटी ठेवली न् उडाली, तं डबा रॉकेटवानी छताले जाते." आणि तिला मीटर लावून तपासायचं तर मुळीच नाही. मीटरची एवढीशी वीजही पुरते.

पॅड सैल झालं. पिवळ्या वायरीचा कनेक्टर सोडवण्यासाठी त्यांनी ते अलगद पुढे ओढलं आणि थांबले. हाताने तोललं. "हलकं लागून राह्यलं."

पॅडच्या मागे काहीच नव्हतं. ना पिशवी, ना डबा. नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर कंपनीचा चकचकीत लोगो आणि पिवळ्या कनेक्टरमध्ये खोचलेला, टेप गुंडाळलेला एक रेझिस्टर. खऱ्या बॅगच्या पेटवणीचा विद्युतरोध दोन-तीन ओहम असतो, तेवढ्याचाच हा. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटावं की बॅग जागेवर आहे, आणि दिवा विझलेला राहावा. कधीतरी या गाडीला जोरदार धडक बसली होती, बॅग उघडली होती आणि कुणीतरी हजारो रुपयांच्या जागी काही रुपयांत काम भागवलं होतं. क्लॉक स्प्रिंग तुटली नसती तर हे कळलंच नसतं.

कुणीच काही बोललं नाही. दादाने गेल्या चार महिन्यांत १२०च्या स्पीडने किती फेऱ्या मारल्या असतील, हे मोजायला मला कॅल्क्युलेटर लागला नाही. काही फेऱ्यांत शेजारच्या सीटवर मावशी होती.

विकणाऱ्याचा फोन 'नॉट रीचेबल'. नवी बॅग ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमार्फत मागवली, खर्च पाच आकडी. स्वस्तात जुनी मिळते म्हणून भंगारातली आणू का, असं दादाने विचारलं तेव्हा मिस्त्रींनी सरळ नाही म्हटलं. पाण्यात बुडालेल्या गाडीची आहे की खोटी, हे बाहेरून कळत नाही. २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी मोठमोठ्या ब्रँडच्या नावाने खोट्या एअरबॅग बनवणारी टोळी पकडली होती, ती यांच्याही लक्षात होती.

भारतात १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, पुढच्या प्रवाशाची २०२१पासून टप्प्याटप्प्याने. ती सीटबेल्टला पूरक आहे, त्याऐवजी नाही. बेल्ट न लावता बॅगवर आदळलात तर तीच इजा करते. डिसेंबर २०२४मध्ये वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा बॅग उघडल्यानंतर दगावला. मुलांची जागा मागेच.

सेकंड हँड घेताय? किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागतच नसेल तर कुणीतरी हात मारलाय. पण दादाच्या गाडीत तोही नीट विझत होता, तेव्हा तेवढ्यावर जाऊ नका. विम्याच्या क्लेमचा इतिहास काढा, सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून घ्या, आणि स्टिअरिंगचं पॅड जाणत्या माणसाकडून उघडून बघायची अट घाला. विकणारा "कशाला उगाच?" म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.

दादा सध्या बसने नागपूरला जातोय. हॉर्नसकट.