कागदावरचा राजीनामा

वरणगावच्या बाजारात महिन्याचा पहिला आठवडा कसा जातो, हे कापडाच्या दुकानदाराला विचारावे. १९६४ साली येथे आयुध निर्माणी उभी राहिली. तेथून निवृत्त झालेली मंडळी पेन्शन जमा झाली की दुकानावर येतात, नातवंडांसाठी कापड फाडून नेतात, उधारीची बोली करीत नाहीत. त्यांची पेन्शन सरकारी तिजोरीतून येते आणि महागाईबरोबर वाढते. त्याच बाकावर दुसरे म्हातारेही बसतात. कोणी एस. टी. मध्ये होता, कोणी साखर कारखान्यात, कोणी लहानशा वर्कशॉपमध्ये. त्यांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येते. कित्येकांना हजार-दीड हजार, फार तर दोन-तीन हजार मिळतात आणि त्यावर महागाई भत्ता नाही. ते कापडाचा पोत हाताने पाहतात, भाव विचारतात आणि पुन्हा येतो म्हणून उठतात.

आमच्या व्यापारी बांधवांच्या बैठकीत हल्ली एक तक्रार ऐकू येते. नोकरवर्ग कायद्याच्या फटी शोधू लागला आहे, असे म्हणतात. कागदावर राजीनामा दाखवतो, फंड काढतो, पुन्हा कामावर येतो. मोठ्या कंपनीतला असेल तर निवृत्तीच्या तोंडावर जादा पेन्शनचा अर्ज करतो. यात खोटे काही नाही. परंतु ही तक्रार करण्यापूर्वी आपण आपलीही वही उघडून पाहावी, म्हणून हे लिहीत आहोत.

योजना आहे कशी, ते आधी थोडक्यात पाहू. मालक कामगाराच्या नावे पगाराच्या १२ टक्के भरतो. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ही मर्यादा १९९५ मध्ये ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. सरकार १.१६ टक्के घालते. हा पैसा प्रॉव्हिडंट फंडासारखा ज्याच्या त्याच्या नावावर वाढत नाही, तो सर्वांच्या सामाईक गल्ल्यात पडतो. पेन्शनचा हिशेब म्हणजे पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. नोकरी किमान १० वर्षे हवी. दहा भरली नाहीत तर दहा-सी फॉर्म भरून एकरकमी पैसे काढता येतात, मात्र तेवढी वर्षे पुसली जातात.

आता आमची गोष्ट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घाऊक कापडाबरोबर तयार कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात आमची भागीदारी होती. मस्टरवर २२ माणसे, म्हणजे वीसचा आकडा ओलांडलेला, म्हणून फंड लागू होता. त्यात २००५ साली लागलेला एक कटाईवाला होता. एकावर एक चाळीस थर ठेवून कापायचा, पण खालचा तुकडा वरच्यापेक्षा सुतभरही कमी-जास्त निघत नसे. २०१० मध्ये त्याच्या मुलीचे लग्न ठरले. तो म्हणाला, "शेठ, माझाच पैसा आहे. मुलीच्या लग्नाला नाही तर कधी कामाला येणार?" फंडाचा पैसा आणि पेन्शनचा पैसा, दोन्ही काढायचे होते. त्यासाठी नोकरी सुटल्याची तारीख आणि मालकाची सही-शिक्का लागत असे. आम्ही दस्तखत केले. आडव्या रेघेवर लिहिले : नोकरी सोडली. तो त्या दिवशीही टेबलावर कापड कापत होता.

पेन्शनच्या भागाचे त्याला मिळाले १८,४८० रुपये. हिशेब नोकरीच्या वर्षांवर आणि पगारावर होता, आणि त्याचा पगार वहीवर ३,५०० होता. हातात आम्ही पाच हजार देत होतो, वरचे दीड हजार भत्ते म्हणून दाखवीत होतो. म्हणजे पहिली फट आमचीच होती. भत्ते दाखवून मूळ पगार लहान ठेवायची ही रीत इतकी जुनी आहे की तिला कोणी लबाडी म्हणतच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सांगितले की सरसकट सर्वांना दिला जाणारा भत्ता हाही पगारच आहे, त्यावर फंड भरला पाहिजे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत तर निम्म्याहून जास्त भत्ते दाखवले तर वरचा भाग पगारात धरला जातो.

तो कटाईवाला नंतर नव्या नावनोंदणीने सहा वर्षे राहिला. २०१७ मध्ये कारखाना बंद झाला. पाच आणि सहा अकरा झाली असती. पण पहिली पाच पुसली गेली होती, राहिली सहा. दहाच्या आत, म्हणून पुन्हा दहा-सी. अकरा वर्षे सलग धरली असती तर शेवटच्या सात हजारांवर ५८ व्या वर्षापासून महिना ११०० रुपये बसले असते आणि त्याच्या मागे त्याच्या बायकोलाही काही मिळाले असते. १८,४८० रुपये दीड वर्षाच्या पेन्शनमध्ये वसूल झाले असते. आज त्याने साठी ओलांडली आहे आणि पेन्शन शून्य.

याला फट म्हणावे की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. आमचे मत असे : फॉर्मवर जे लिहिले ते खरे असेल तर ती फट. खोटे असेल तर ते सरळ खोटे, आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात. त्याची मजबुरी होती. आमची कोणती होती? आता हे अवघड झाले आहे. २०१४ पासून खाते क्रमांक एकच चालतो आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले की नोकरी सुटल्यावर पेन्शनची रक्कम काढायला दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबावे लागेल. कामगार संघटनांना हे जाचक वाटते. नोकरी खरोखर गेलेल्या माणसाला ते जाचक आहेच. आमच्यासारख्यांच्या सह्यांची किंमत तो भरतो आहे.

जादा पेन्शनची गोष्ट वेगळी. तेथे फॉर्मवर खोटे काही नसते. पूर्वी मालक-कामगारांनी मिळून अर्ज केला तर मर्यादेऐवजी पुऱ्या पगारावर पेन्शनचा हप्ता भरता येत असे. बहुतेकांनी तो अर्ज केलाच नाही, पैसा फंडात वाढू दिला. २०१६ च्या एका निकालानंतर जुनी बाकी व्याजासह भरून मागच्या तारखेपासून जादा पेन्शन घेण्याची वाट मोकळी झाली. साठ हजार पगारावर ३५ वर्षांची सेवा धरली गेली तर महिना ३० हजार, आणि पंधरा हजारांच्या मर्यादेत फार तर साडेसात. बाकी भरायची ती सुरुवातीच्या लहान पगारांवरही, पेन्शन मात्र सर्व वर्षांची शेवटच्या मोठ्या पगारावर. शिवाय ज्याला फायदा आहे तोच अर्ज करतो. जो वारला किंवा ज्याचा हिशेब जमत नाही, तो करीत नाही. व्यापारात याला भाव फुटल्यानंतर मागच्या तारखेने सौदा लिहिणे म्हणतात. समोरच्या पक्षाला विचारा कसे वाटते. येथे समोरचा पक्ष म्हणजे तो सामाईक गल्ला, ज्यातून हजार रुपयेवाल्यालाही द्यायचे आहे. फंडाच्या संघटनेचे न्यायालयात हेच म्हणणे होते. सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. पगाराची सरासरी शेवटच्या बारा नव्हे, साठ महिन्यांची धरायची ही २०१४ ची सुधारणा कायम ठेवली, आणि १ सप्टेंबर २०१४ रोजी नोकरीत असलेल्यांना आणखी एक संधी दिली. मुदत वाढत वाढत जुलै २०२३ पर्यंत गेली. सुमारे साडेसतरा लाख अर्ज आले.

ज्यांनी अर्ज केला त्यांना आम्ही बेईमान म्हणणार नाही. न्यायालयाने दिलेला हक घेणे गुन्हा नव्हे. पण शेजारच्या बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरमध्ये याच योजनेचे म्हातारे किमान पेन्शन वाढवा म्हणून साखळी उपोषणाला बसले. २०१४ मध्ये ठरलेले किमान एक हजार तेथेच राहिले. तीस हजारांचा आणि एक हजाराचा हिशेब एकाच गल्ल्यातून व्हायचा असेल तर आधी कोणाचा, हे सरकारने ठरवायला हवे होते. ते कोर्टावर सोडले, हा आमच्या मते मोठा कसूर.

राहिली शेवटची गोष्ट, जी बैठकीत कोणी काढत नाही. त्या कारखान्यात २२ माणसे होती असे वर लिहिले. खरे म्हणजे ३६ होती. भिंतीपलीकडे दुसऱ्या नावाची फर्म होती, घरातल्या बाईच्या नावावर. छप्पर एक, विजेचे मीटर एक, माल एक. तेथे १४ माणसे, म्हणजे वीसच्या आत, म्हणून फंड नाही. शाखा व विभाग एकच आस्थापना धरावेत असे तेव्हाच्या कायद्याचे २-अ कलम सांगत होते, हे आमच्या कर सल्लागाराला ठाऊक होते. तपासायला कोणी आले नाही. आणि त्या कटाईवाल्याने कागदावर राजीनामा दिला, तेव्हा मस्टर स्वच्छ दिसावे म्हणून आम्ही त्याला तीन महिने त्याच भिंतीपलीकडे बसवले होते. त्याची फट आमच्या फटीतच लपली.

ज्यांची माणसे आज मस्टरवर आहेत त्यांनी एवढे तरी करावे : माणूस सोडून जाताना त्याला दहा-सी भरून रोकड घ्यायला लावण्यापेक्षा योजना प्रमाणपत्र काढून द्यावे, म्हणजे त्याची वर्षे पुढच्या नोकरीत जोडली जातात. दहाच्या आत असली तरी ते मिळते. आम्हाला हे २०१० मध्ये माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. फॉर्मवरच दोन्ही पर्याय छापलेले होते.

कटाईवाला गेल्या महिन्यात दुकानावर आला होता. ते १८,४८० व्याजासह परत भरले तर पाच वर्षे पुन्हा जोडून मिळतील का, असे विचारत होता. आम्ही नाही म्हणालो. भिंतीपलीकडच्या चौदांपैकी तिघे याच गावात राहतात. त्यांच्यापैकी अजून कोणी काही विचारायला आलेला नाही, आणि आला तर दाखवायला आमच्याकडे त्याच्या नावाचा एकही कागद नाही.