गेम काय फक्त मुलांचेच?

परवा भाचा मला म्हणाला, "मावशी, गेम हे पोरांचं काम, तुला नाही जमायचं." मोबाईलवर तो आकाशातून उतरणाऱ्या शत्रूंवर धडाधड गोळ्या झाडत होता. म्हटलं, थांब बाळा!

असल्या खेळांचा आजोबा म्हणजे 'स्पेस इन्व्हेडर्स'. १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. वर ५५ परग्रहवासी, खाली आपली एकटी तोफ. शत्रू कमी होतील तसा उरलेल्यांचा वेग वाढतो. हे मुद्दाम केलेलं नव्हतं बरं का! चित्रं कमी झाली की यंत्रावरचा भार हलका व्हायचा, म्हणून ते भरभर पळायचं. (आपल्या घरात मात्र भार कधी हलका होत नाही.)

याच खेळावरून केलेलं एक गाणं अमेरिकेत डोना बेली यांच्या कानावर पडलं. मोटारींसाठी प्रोग्रॅमिंग करणाऱ्या या बाई त्या ओढीने अटारी कंपनीत गेल्या. त्यांच्या विभागात प्रोग्रॅम लिहिणारी बाई ही एकटीच! एड लॉग यांच्यासोबत त्यांनी १९८१चा 'सेंटिपीड' केला. फिक्या, गोड रंगांतली गोम मारायची. बायकाही तो आवडीने खेळल्या.

आमच्या गावातही व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भाऊ आत, मी दारात त्याची सायकल धरून. 'तुला खेळायचंय का?' असं कुणी विचारलंच नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. तो राग अजून आहे. म्हणून मैत्रिणींनो, लेक गेम खेळताना दिसली, की तिलाच तेवढं भाजी निवडायला उठवू नका. उठवायचं तर दोघांना उठवा.

भाच्याकडून मोबाईल घेतला. मिनिटभरात मेले.

"दे परत," म्हटलं.