कापडी पिशवीचा जमाखर्च

एरंडोल हे एके काळी हातकागदासाठी नावाजलेले गाव. कापसाचा व्यापारही इथला जुनाच. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा पर्याय म्हणून पुढे आले ते हेच दोन जिन्नस: कागद आणि कापूस. नेमक्या त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने सांगितले की, कापडी पिशवी ७१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा बरी. ब्रिटनच्या सरकारी अहवालात २०११ मध्ये हाच आकडा १३१ होता. मग बाजाराला निघालेल्या माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

दोन्ही आकडे खोटे नाहीत. शेतातल्या बोंडापासून उकिरड्यावरच्या चिंधीपर्यंत वस्तूचा निसर्गावर पडणारा भार मोजणे, याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. ब्रिटनचा आकडा हवामानापुरता होता. डेन्मार्कने अनेक भार मोजले आणि त्यांतला सर्वांत जड, ओझोन थराच्या हानीचा, तोच निर्णायक मानला. केवळ हवामान पाहिले, तर डेन्मार्कचाच आकडा ५२ वर येतो!

म्हणूनच असे अनेक अभ्यास एकत्र करून आढावा घेणाऱ्यांची जबाबदारी मोठी. वैद्यकाने अशा आढाव्यांसाठी २००९ मध्ये ‘प्रिझ्मा’ ही नियमावली केली. त्याच धर्तीवर २०१२ मध्ये अमेरिकेतील तिघा अभ्यासकांनी जीवनचक्र मूल्यमापनासाठी ‘स्टार-एलसीए’ ही नऊ कलमांची यादी मांडली. तिचे मागणे साधे आहे. प्रश्न काय होता, अभ्यास कुठे शोधले, कोणत्या कसोटीवर निवडले, पक्षपात कुठे शिरला असेल, मर्यादा कोणत्या, हे सारे उघड लिहा. गावातला व्यापारीसुद्धा खतावणी दाखवल्याशिवाय उधारी मागत नाही. मग शास्त्रज्ञांना सवलत का?

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. अशा आढाव्यांच्या आधारे सरकारे बंदी घालतात, पालिका पिशव्या वाटतात. कापूस कोरडवाहू की ठिबकवरचा, गिरणीची वीज कोळशाची की पाण्याची, यावर उत्तर बदलते. जुन्या लुगड्याची घरी शिवलेली पिशवी असेल, तर तिच्यासाठी नवा कापूस पिकवावाच लागला नाही. डेन्मार्कचा आकडा तिला कसा लागू व्हावा?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये असे अभ्यास एकत्र तपासून, हवामानापुरता, ५० ते १५० वापरांचा हिशेब दिला. आठवड्याच्या बाजाराला एकच पिशवी नेली, तर तीन वर्षांत तो पुरा होतो. खानदेशातल्या कोणत्याही घराला हे जड नाही. मात्र धोरण ठरवताना सरकारने आकड्याबरोबर त्याचा जमाखर्चही लोकांसमोर, मराठीत, ठेवला पाहिजे. हिशेबाविना आलेला आकडा कितीही मोठा असला, तरी तो पुरावा ठरत नाही.