स्वस्ताई कोठून येते?



गेल्या दिवाळीत मालवणला एका स्नेह्यांकडे जाणे झाले. तेथील बाजारपेठेत त्यांचे कापडाचे जुने दुकान आहे. मधुमेहाचे निदान झाल्यापासून ते रोज पहाटे तारकर्ली-देवबागच्या रस्त्याने सायकल चालवतात, आणि महाविद्यालयात शिकणारी त्यांची कन्याही आता त्यांच्यासोबत जाऊ लागली आहे. थोरला मुलगा जर्मनीत नोकरीस असतो. तो सुटीवर आला होता व वडिलांसाठी सायकलवर घालावयाचे एक जाकीट घेऊन आला होता. वाऱ्याला अडवणारे, पाठीला लांब, रात्री चमकणारी पट्टी असलेले.

"कितीला पडलं?" स्नेह्यांचा पहिला प्रश्न.

"पंधरा युरो, बाबा. किराणा मालाच्या दुकानात घेतलं. दुधाच्या पिशव्या आणायला गेलो होतो."

स्नेह्यांनी जाकीट उलटे करून शिवण पाहिली, झिप दोनदा वरखाली केली, कापड बोटांत चोळून पाहिले. मग म्हणाले, "एवढ्यात हे पडत नाही. यात कोणीतरी बुडालं आहे. कोण, ते सांग."

मुलाला उत्तर देता आले नाही. मला मात्र तो प्रश्न खऱ्या व्यापाऱ्याचा वाटला. ग्राहक किंमत वाचून थांबतो. किंमत कमी कशी झाली, कोणाच्या पदरचे काय गेले, हे व्यापारी विचारतो. योगायोगाने त्याच दिवशी कन्येने मोबाइलवर सायकलच्या कपड्यांची व सामानाची एक यादी करून ठेवली होती. तिची बेरीज एकवीस हजारांच्या पुढे जात होती आणि त्यावरून घरात थोडा अबोलाही झाला होता. "काका, तुम्हीच सांगा," म्हणून यादी माझ्यापुढे आली. या लेखाचा विषय तेथून मिळाला.

प्रथम त्या जाकिटाविषयी. एसेन या जर्मन शहरात १९१३ साली आना आल्ब्रेख्त नावाच्या बाईंनी एक लहान किराणा दुकान काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, कार्ल व थिओ या त्यांच्या मुलांनी ते हाती घेतले. देश उद्ध्वस्त झालेला, गिऱ्हाईक गरीब, भांडवल तुटपुंजे. भावांनी मोजकेच जिन्नस ठेवले, सजावट व जाहिरात जवळजवळ टाळली, माल खोक्यातून काढून मांडण्याचे कष्टही वाचवले आणि झालेली बचत भावात उतरवली. आल्ब्रेख्त आणि डिस्काउंट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पुढे 'आल्डी' हे नाव रूढ झाले. गल्ल्याजवळ सिगारेट विकावी की नाही या वादातून दोघा भावांनी धंद्याची वाटणी केली, असे सांगतात. कारण खरे असो वा नसो, आपल्या घरांतील वाटण्यांची कारणे आठवली की ते बरेच उदात्त वाटते.

त्यांचा प्रतिस्पर्धी 'लिडल' हा श्वार्ट्झ कुटुंबाचा. श्वार्ट्झ म्हणजे काळा. दुकानाला स्वतःचे आडनाव द्यावे तर लोक ते 'काळाबाजार' असे वाचणार. म्हणून डीटर श्वार्ट्झ यांनी लुडविग लिडल नावाच्या एका निवृत्त शिक्षकांकडून नाव वापरण्याचा हक्क एक हजार मार्कांना विकत घेतला आणि १९७३ मध्ये पहिले दुकान उघडले. नावाची पत किती जपावी याचे हे चांगले उदाहरण आहे.

या दोन्ही दुकानांत किराण्याच्या मांडण्यांबरोबर एक वेगळी रांग असते. तिच्यात एका आठवड्यात बागकामाची अवजारे, पुढच्या आठवड्यात स्वयंपाकाची भांडी, तर वसंत ऋतूत सायकलस्वाराचे कपडे, हातमोजे, दिवे, पंप असा माल येतो. तो एकदाच, मोठ्या संख्येने, स्वतःच्या छापाखाली बनवून घेतलेला असतो. थोड्या दिवसांत संपतो आणि संपला की पुन्हा येईलच असे नाही. पडून राहिलेल्या मालावरचे व्याज नाही, वर्षभर सगळी मापे सांभाळण्याची जबाबदारी नाही, नामांकित छापाच्या जाहिरातीचा भार नाही. स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या आजोबांचाच हिशेब," ते म्हणाले. "नफा थोडा, फेरा जलद."

तरी 'कोणीही बुडाले नाही' असे छातीठोकपणे म्हणवत नाही. असले कपडे बहुधा आशियातल्या कारखान्यांत शिवले जातात. बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. तिच्यातील कारखान्यांत पाश्चात्त्य देशांतील अनेक दुकानांसाठी कपडे शिवले जात होते, आणि त्यांत सगळीच दुकाने स्वस्तातली नव्हती. महाग छाप घेतला म्हणजे शिवणाऱ्या हातांना न्याय मिळाला, असे समजण्यास आधार नाही. स्वस्त घेतला म्हणून आपण निर्दोष ठरतो, असेही नाही. घेतलेला कपडा फाटेपर्यंत वापरावा आणि दुसरा गरजेवाचून घेऊ नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे. परिग्रह-परिमाणाची सुरुवात कपाटापासून करावयास हरकत नाही. त्या साप्ताहिक रांगेचा खरा धोकाही येथेच आहे. तेथे वस्तू आधी दिसते आणि तिची गरज घरी येताना वाटेत सुचते.

आपल्याकडे हीच रीत डी-मार्टने रुजवली. राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली मुंबईत पवईला पहिले दुकान काढले. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची ठेवणे आणि माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव उतरवून घेणे, ही त्यांची दोन सूत्रे व्यापारी जगतात सर्वांना ठाऊक आहेत. रोखीची सूट म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र सायकलस्वाराचा खास पेहराव हवा असेल तर आपल्या देशात डेकॅथलॉनसारख्या क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांकडे वळावे लागते. ही फ्रान्समधील १९७६ ची पेढी आहे, आणि तिच्याही स्वस्ताईचे मूळ स्वतःच्या छापाच्या मालात आहे.

मालवणकरांना अशा खरेदीसाठी घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते. सुमारे दीडशे किलोमीटर जाणे, तेवढेच येणे. चारचाकीचे इंधन आणि दुकान बंद ठेवलेला एक दिवस बिलात धरला, तर चारशे रुपयांची चड्डी किती रुपयांना पडली हे ज्याचे त्याने मांडून पाहावे. दुसऱ्या कामासाठी जाणे होईल तेव्हाच हीही खरेदी उरकावी. कराचेही एक गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के कर आहे आणि त्यापुढच्या कपड्यावर १८. कन्येच्या यादीतील परदेशी छापाची जर्सी नेमकी त्या रेषेच्या पलीकडे होती.

आता यादीकडे वळू. जर्सीचा उपयोग एवढाच की ती घाम शोषून धरत नाही, लवकर वाळते आणि तिला पाठीशी खिसे असतात. मालवणच्या दमट हवेत सुती बनियन भिजले की दिवसभर ओलेच राहते. म्हणून कृत्रिम धाग्याचा कपडा बरा, हे खरे. पण तिरुपूरच्या गिरण्यांतून येणारा साधा खेळाचा टी-शर्ट हे काम तितकेच चांगले करतो, आणि तो स्नेह्यांच्या स्वतःच्या दुकानात टांगलेला होता! बाप-लेकींनी एकमेकांकडे पाहिले. पहिला अबोला तेथे सुटला.

गादीची चड्डी मात्र लांबच्या फेरीसाठी घ्यावी. पूर्वी तिच्या आतील अस्तर शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याचे असे, आणि त्यावरून सायकलस्वार अजूनही त्या गादीला 'शॅमी' म्हणतात. आज ती कृत्रिम फोमची असते. येथे आपल्या वाचकांसाठी एक समाधानाची गोष्ट सांगतो. सायकलच्या साहित्यात अहिंसा आणि काटकसर बहुतेक वेळा एकाच दुकानात भेटतात. चामड्याची सीट महाग (इंग्लंडची ब्रुक्स ही १८६६ ची पेढी याच सीटसाठी प्रसिद्ध आहे), रेक्झिनची स्वस्त. महागड्या हातमोज्यांच्या तळव्याला पुष्कळदा चामडे असते, स्वस्तांना कृत्रिम कापड. घेताना आतील चिठ्ठी वाचावी. शिवाय तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात चामड्याच्या सीटला बुरशी लागायला एक श्रावण पुरतो.

पावसाळी जाकिटावर तर येथे पैसे घालूच नयेत, असे माझे मत आहे. आतला घाम बाहेर जाऊ देणारे आणि बाहेरचे पाणी आत न येऊ देणारे कापड थंड देशांत उत्तम चालते. कोकणच्या उष्म्यात माणूस आतूनच भिजतो. इरले पांघरून शेतात वाकणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हवा खेळती ठेवून हा प्रश्न जास्त शहाणपणाने सोडवला होता.

स्वस्त घेऊन पस्तावण्याच्या वस्तू निराळ्या आहेत. हलक्या पोलादाच्या षट्कोनी किल्ल्या बोल्टचे तोंड घासून टाकतात, मग तो बोल्ट कोणालाच निघत नाही. खाऱ्या वाऱ्यात हलकी चेन एका मोसमात तांबारते. देवबागच्या बाजूने फिरणाऱ्याने आठवड्यातून एकदा सायकल गोड्या पाण्याने पुसून चेनला तेल द्यावे. ते तेल कमी किमतीचे असले तरी चालेल, पण द्यायला विसरू नये. दिवा पाणी सोसणारा घ्यावा. चौविहार पाळणाऱ्या घरांतील मंडळी सूर्यास्ताआत परततात हे ठीक, परंतु पहाटे पाच वाजता धामापूरच्या झाडीतून जाताना अंधार तोच असतो.

आणि हेल्मेट. येथे मी स्वतः फसलो आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरून मागवलेले, प्रसिद्ध छापाचे नाव असलेले आणि निम्म्या किमतीचे हेल्मेट घरी आले. नावातील एक अक्षर चुकलेले होते, ते नातवाने दाखवले. आतला फोम अंगठ्याने दाबला तर भुगा पडला. विकणाऱ्याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

हेल्मेटमधील फोम थर्मोकोलच्या जातीचाच असतो. पडल्यावर तो चिरडतो आणि आघात स्वतःवर घेतो. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावेच लागते. आपल्या परिचयाचे आयएस ४१५१ हे मानक मोटारसायकलच्या हेल्मेटसाठी आहे. सायकलच्या हेल्मेटवर युरोपचे ईएन १०७८ किंवा अमेरिकेचे सीपीएससी हे मानक शोधावे. ईएन १०७८ च्या चिठ्ठीवर बनवणाऱ्याचे नाव, डोक्याचे माप, वजन आणि निर्मितीचे वर्ष व तिमाही असावी लागते. चिठ्ठी खरी असेल तर हजार रुपयांचे आणि दहा हजारांचे हेल्मेट त्या एकाच चाचणीतून गेलेले असते. जादा पैसे बहुधा वजन, वारा आणि रूप यांचे असतात. म्हणून हेल्मेट स्वस्तातले घेण्यास माझी हरकत नाही. मात्र ते हातात धरून, डोक्यावर बसवून आणि पक्के बिल घेऊन घ्यावे.

नकली मालाविषयी आणखी थोडे, कारण वाचकांपैकी अनेकजण गल्ल्याच्या आतल्या बाजूस बसतात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वजनमापात कमी-अधिक करणे हा त्यांपैकी सर्वांना माहीत असलेला. त्याच्याच पुढचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलात नकली मिसळणे किंवा नकली तेच अस्सल म्हणून खपवणे. चुकलेल्या अक्षराची जर्सी विकली तर गिऱ्हाइकाचे थोडे पैसे जातील. तसेच हेल्मेट विकले तर काय जाईल, याचा विचार माल भरतानाच करावयास हवा. "गिऱ्हाइकालाच स्वस्त हवं असतं" हे उत्तर मी अनेक पेढ्यांवर ऐकले आहे. ते मला पटत नाही. गिऱ्हाईक स्वस्त मागते, खोटे मागत नाही.

हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. न्यायाने मिळवलेले धन हा त्यांतला पहिला. मिळकतीला साजेसा खर्च आणि ऐपतीला साजेसा वेष हेही त्यात आहेत. आपण यातील वेषाची गोष्ट उधळपट्टीच्या मुलांना ऐकवतो. ऐपत असून ब्रेकचे झिजलेले रबर न बदलणाऱ्या वडिलांनाही ती लागू पडते, असे मी स्नेह्यांना म्हटले. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी सायकल मिस्त्रीकडे गेली.

तो मिस्त्रीही या हिशेबात धरला पाहिजे. मोठ्या दुकानातून स्वस्तात आणलेला माल त्याच्याकडे नेऊन "एवढं बसवून दे रे" म्हणणारे आणि मजुरीवरून घासाघीस करणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. चाकाची आउट काढायला त्याचा पाऊण तास जातो. आपल्या दुकानासमोरून गिऱ्हाईक कोल्हापूरकडे निघून जाते याचे दुःख आपण सभांतून मांडतो, मग त्याच्या दुकानासमोरून आपण कसे जातो तेही आठवावे. स्नेह्यांनी ट्यूब, पंक्चरचे सामान, चेन व ब्रेकरबर त्याच्याकडूनच घेतले आणि मजुरी त्याने सांगितली तेवढी दिली.

एकवीस हजारांच्या यादीतून अखेर दोन हेल्मेटे, दोन गादीच्या चड्ड्या, कृत्रिम तळव्याचे हातमोजे आणि दोन दिवे उरले. सगळे मिळून साडेसहा हजारांच्या आत. टी-शर्ट घरचेच. जर्मनीचे जाकीट मालवणात घातले की दहा मिनिटांत घाम फुटतो, म्हणून ते खुंटीवर होते. डिसेंबरात कन्या मैत्रिणींबरोबर आंबोलीला सायकलने गेली आणि घाटमाथ्यावरच्या पहाटवाऱ्यात ते तिच्या उपयोगी पडले. तेव्हापासून ते तिचेच झाले आहे. वडिलांनी घरच्या वहीत ते तिच्या नावे टाकले आहे, पंधरा युरो, त्या दिवसाच्या भावाने.