गूळ स्वस्त झाला म्हणून...

गेल्या भाऊबीजेला मी यवतला ताईकडे गेलो होतो. ओवाळणीचे ताट खाली ठेवले जाते न जाते, तोच भाच्याने मला ओसरीवर गाठले. स्वारीला पुण्यात नुकतीच नोकरी लागली होती.

'मामा, दरमहा पाच हजार बाजूला टाकता येतील. कुठे टाकू, तेवढं सांगा.'

मराठीच्या प्राध्यापकाला पैशाचा सल्ला विचारणे म्हणजे व्याकरणाच्या पंडिताला म्हशीची धार काढायला बसवणे! पण मामा झाला की माणसाला सगळेच यावे लागते. भाच्याच्या हातात कागद होता. त्यावर अकरा योजनांची नावे आणि कुणी गेल्या वर्षी किती टक्के दिले त्याचे आकडे. सहा महिने तो ते आकडे ताडून पाहत होता, आणि या सहा महिन्यांत त्याने एक रुपयाही कुठे टाकला नव्हता.

मी त्याला आधी साध्या गोष्टी सांगितल्या. चार-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हाताशी हवा. तो साठला, की काही भाग पीपीएफमध्ये. त्याची मुदत १५ वर्षांची. दर सरकार ठरवते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला. तोच टिकला असे धरले, तर दर वर्षाच्या आरंभी भरलेल्या १२ हजारांचे, म्हणजे एकूण १ लाख ८० हजारांचे, मुदतीअखेर सुमारे सव्वातीन लाख होतात. मात्र हप्ता महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरावा. नाही तर त्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. उरलेला भाग, जो दहा-पंधरा वर्षे लागणार नाही तोच, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा वाटा एकत्र घेणाऱ्या फंडात.

'आणि बाजार पडला तर?'

इथे मामांची विद्वत्ता संपली. कबुलीजबाब सुरू झाला. मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांना शिवून आला होता; २३ मार्चला तो २६ हजारांच्याही खाली उतरला. मी घाबरलो आणि माझा मासिक हप्ता बंद केला. म्हटले, जरा स्थिरस्थावर होऊ द्या. स्थिरस्थावर व्हायला बाजार माझी वाट पाहत थांबला नाही. नोव्हेंबरात त्याने जुना उच्चांक ओलांडला, आणि मी पुन्हा हप्ता सुरू केला तेव्हा तो ५० हजारांच्या घरात पोचला होता!

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, 'गूळ स्वस्त झाला म्हणून तू गूळ घ्यायचा थांबलास होय रे?'

या भागात गुऱ्हाळे पुष्कळ, तेव्हा तिला हा दाखला सुचावा यात नवल नाही. मी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. दरमहा हजार रुपयांचा गूळ घ्यायचा. भाव किलोला ५० असता २० किलो येतो, ४० झाला की २५ किलो, पुन्हा ५० झाला की २० किलो. तीन हजारांत ६५ किलो. किलोमागे पडले ४६ रुपयांच्या किंचित वर. भाव आरंभी होता तिथेच, तरी माल सव्वातीन हजारांचा!

'पण भाव पुन्हा चढलाच नाही तर?' भाच्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. चढेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणूनच सगळे पैसे एका मडक्यात ठेवू नयेत. १९६४ साली निघालेली युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना मध्यमवर्गीय घरांत बँकेइतकी भरवशाची मानली जाई. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली.

'मग यात नक्की असं काय आहे?'

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. तुकोबांची पालखी दर आषाढवारीत यवतला मुक्कामाला असते. गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते. ताईने कित्येक वर्षे त्या भाकरी थापल्या आहेत. ती म्हणाली, 'अरे, वारकरी पाऊस बघून निघतो का? तिथी बघून निघतो. आज यवत, उद्या वरवंड. पाऊस काही त्याच्या हातात नाही. चालणं आहे.'

भाच्याने कागदाची घडी केली. दोन हजार पीपीएफमध्ये, तीन हजार फंडात, तारीख तीन. आधी हाताशी ठेवायची रक्कम त्याने नोकरीच्या पहिल्या महिन्यांतच साठवली होती, हे तेव्हा कळले. पोरगा मामापेक्षा शहाणा निघाला!

परवा त्याचा फोन आला. 'मामा, अकरा हप्ते झाले.'

रकमेचे काय झाले, ते त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. या भाऊबीजेला ताईकडून गुळाची ढेप मात्र आणायची आहे, भाव काही का असेना.