रेशीम फक्त पैठणीसाठी नाही!

रेशीम म्हटलं की आपल्याला येवल्याची पैठणी आठवते, फार तर आईचा लग्नातला शालू. पण रेशीम हे मुळात एक प्रोटीन आहे आणि दुसऱ्या प्रोटीनला सांभाळायचं काम ते फार छान करतं. हा विषय आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले विकर, हे भलतंच नाजूक प्रकरण! त्याची साखळी ठरावीक घडीत दुमडलेली असते, म्हणून ते काम करतं. उष्णतेनं घडी मोडली की काम बंद. लहान मुलांच्या ल्युकेमियावर दिलं जाणारं एल-अॅस्पॅराजिनेज हे असंच एक एन्झाइम. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आता मे महिना आणि मुरबाड-शहापूरकडचं एखादं आडगाव डोळ्यांसमोर आणा. वीज गेली, फ्रीज बंद पडला, की असं औषध धोक्यात.

इथे रेशीम कामाला येतं. कोश सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात उकळला की सेरिसिन नावाचा डिंक निघून जातो आणि फायब्रॉइनचा धागा उरतो. तो लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवून डायलिसिसनं क्षार काढायचे. या द्रावणात एन्झाइम मिसळून वाळवलं की पारदर्शक फिल्म मिळते. द्रावण अॅसिटोनमध्ये सोडलं तर शंभरेक नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि त्यांच्यावर एन्झाइम जोडता येतं. फिल्ममध्ये फायब्रॉइनच्या साखळ्यांचे काही भाग घट्ट जुळून नॅनो आकाराचे स्फटिक बनतात. मधल्या जागेत अडकलेल्या एन्झाइमला उलगडायला वावच राहत नाही. सकाळच्या कल्याण लोकलसारखं, पडायलाही जागा नाही!

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठानं २००९ साली असे प्रयोग प्रसिद्ध केले. रेशमाच्या फिल्ममधलं ग्लुकोज ऑक्सिडेज ३७ अंशांना दहा महिने ठेवूनही कामातून गेलं नाही. रक्तातली साखर तपासायच्या बऱ्याच पट्ट्यांत हेच एन्झाइम असतं.

आपल्याकडे काय नाही? जालन्यात कोशांची बाजारपेठ आहे. हॉस्टेलमधल्या मराठवाड्याच्या मित्रांना तुतीची शेती नवीन नाही. एन्झाइम बनवणाऱ्या अॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीजचं मुख्य ऑफिस ठाण्यातच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. ती रेशमाच्या प्रोटीनपासून हाडं आणि जखमांच्या उपचारासाठी साहित्य तयार करते. म्हणजे कच्चा माल, उद्योग, उदाहरण, सगळं हाताशी आहे. कमी आहे ती आपलीच!

कुणी म्हणेल, हे तर फार्मसीवाल्यांचं काम. मुळीच नाही. एन्झाइम फिल्ममध्ये कोंडलं की त्याच्यापर्यंत पदार्थ पोचायला वेळ लागतो. हा डिफ्युजनचा प्रश्न केमिकलवाल्यांचा. वाळवताना तापमान आणि आर्द्रता सांभाळणं इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचं. शिवाय कोशांच्या प्रत्येक लॉटमधून सारखाच माल मिळवणं हे तर शुद्ध इंजिनिअरिंग. अर्थात, बाटलीत टिकलेलं एन्झाइम शरीरात चालेलच असं नाही. त्यासाठी प्राण्यांवरच्या आणि मग माणसांवरच्या चाचण्यांना वर्षं लागतात. बी.ई.च्या दोन सेमिस्टरमध्ये औषध होणार नाही, हे मान्य. पण पहिली पायरी नक्की होईल.

आणि ती महागही नाही. अॅमिलेज घ्या. अर्धं तसंच ठेवा, अर्धं रेशमाच्या फिल्ममध्ये. एक जोडी लॅबच्या फ्रीजमध्ये, दुसरी हॉस्टेलच्या खोलीत. दर आठवड्याला स्टार्च-आयोडीनची टेस्ट करून निळा रंग जायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या सरांनी मिळून दोन-चार मुलांना एवढी परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

तयार प्रोजेक्ट विकत आणून व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करण्यापेक्षा हे बरं नाही का? निकाल उलटा आला तरी चालेल. निदान तो आपला स्वतःचा तरी असेल!