मातीत उतरलेली लॅम्बोर्गिनी : पावणेदोन इंचांचा साडेचार कोटींचा हिशेब

जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. पण चाकांच्या कमानींवर जाड काळे पट्टे, टपावर सामान बांधायचे दांडे, तोंडाला रात्रीच्या रॅलीतल्या गाड्यांसारखे दोन जादा दिवे आणि मागे नुसता धुरळा. अशा लॅम्बोर्गिनीचे व्हिडिओ गावागावातल्या पोरांच्या मोबाईलवर फिरतात. मग पारावर एकजण हमखास विचारतो, "ही आपल्या पाणंदीनं येईल का रं?"

प्रश्न गमतीचा असला तरी त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. कारण जी 'उंच गाडी' ही कंपनी श्रीमंतांना हौस म्हणून विकते, तीच उंची आपल्याकडचा शेतकरी गरज म्हणून, कर्ज काढून विकत घेतो.

प्रयोग काय होता?

या गाडीचे नाव 'उराकान स्टेराटो'. स्टेराटो या इटालियन शब्दाचा अर्थच कच्चा रस्ता. जून २०१९ मध्ये कंपनीने ती पहिल्यांदा 'कॉन्सेप्ट कार' म्हणून दाखवली. कॉन्सेप्ट कार म्हणजे नमुन्याची गाडी. ती विक्रीला नसते. लोक काय म्हणतात, मागणी येते का, याचा अंदाज घ्यायला ती बनवतात. आपण नवीन वाण आधी दोन गुंठ्यांत लावून बघतो, तसाच हा प्रकार.

कंपनीने आपली नेहमीची 'उराकान इव्हो' ही स्पोर्ट्स कार घेतली आणि ती ४७ मिलिमीटरने उचलली. दोन्ही बाजूच्या चाकांतले अंतर ३० मिलिमीटरने वाढवले. जाड कडांचे टायर बसवले, पोटाखाली संरक्षक पत्रा दिला. इंजिन तेच, दहा सिलिंडरचे, ६४० अश्वशक्तीचे.

लोकांना नमुना आवडला आणि नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी अमेरिकेतल्या मायामीत विक्रीची गाडी समोर आली. फक्त १,४९९ गाड्या बनवायच्या ठरल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत होती ४ कोटी ६१ लाख रुपये.

उंची फुकट मिळत नाही

विक्रीच्या गाडीत वाढलेली उंची ४४ मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेदोन इंच. एवढ्यासाठी काय मोजावे लागले ते बघा. मूळ इव्होचा वेग ताशी ३२५ किलोमीटरपर्यंत जातो, स्टेराटोचा २६० वर थांबतो. शून्यातून १०० चा वेग धरायला इव्हो २.९ सेकंद घेते, स्टेराटो ३.४. अश्वशक्तीही ६१० वर आली.

कारण सरळ आहे. गाडी उंच झाली की वळणावर जास्त झुकते आणि हवाही जास्त अंगावर घेते. खडबडीत नक्षीचा टायर मातीत पकड धरतो, पण डांबरावर भन्नाट वेगाला तो चालत नाही. म्हणजे एक हाताने घेतले तर दुसऱ्या हाताने द्यावे लागते. यंत्राचा हा नियम इटलीत काय आणि आपल्या शिवारात काय, सारखाच.

एक गोष्ट ट्रॅक्टरवाल्यांना लगेच पटेल. धुरळ्यात चालायचे म्हणून या गाडीत इंजिनाची हवा वरून, मागच्या बॉनेटवरून घेतली आहे. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर धुळीने चोंदला की इंजिनाचे काय होते, हे रोटाव्हेटर मारणाऱ्याला सांगायची गरज नाही.

मूळ कारखाना ट्रॅक्टरचाच

या कंपनीचे मूळही मातीतलेच. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म १९१६ मध्ये उत्तर इटलीतल्या रेनात्सो गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. जीव मात्र यंत्रात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची मोडीत निघालेली वाहने पडून होती. त्यांचे सुटे भाग जमवून त्यांनी ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि १९४८ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्या काळी इटलीत पेट्रोल महाग होते. म्हणून त्यांचा ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि नंतर स्वस्त डिझेलवर चालायचा. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची पाण्याची इंजिने ज्यांनी वापरली, त्यांना ही युक्ती वेगळी सांगायला नको.

गाड्यांचा कारखाना नंतरचा, १९६३ चा. स्वतःच्या फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन ते गेले, तेव्हा "तुम्ही ट्रॅक्टरच चालवा" असे उत्तर मिळाले, असा किस्सा सांगितला जातो. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी दोन्ही धंदे विकले आणि शेवटची वर्षे द्राक्षमळ्यात घालवली. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर आजही बनतात, पण ती कंपनी वेगळी. गाड्यांचा कारखाना १९९८ पासून जर्मनीच्या ऑडीकडे आहे.

मातीतला प्रयोगही पहिला नाही. १९८६ ते १९९३ या काळात याच कारखान्याने 'एलएम ००२' नावाची, बारा सिलिंडरची दांडगी फोर बाय फोर बनवली होती. सगळ्या मिळून तीनशेच्या आसपासच गाड्या निघाल्या. आज परिस्थिती उलटी आहे. २०२३ मध्ये लॅम्बोर्गिनीने जगभर १०,११२ गाड्या दिल्या, त्यातल्या ६,०८७ 'उरूस' या उंच एसयूव्ही होत्या. पोर्शेनेही २०२२ मध्येच आपली ९११ ही स्पोर्ट्स कार उचलून 'डकार' नावाने २,५०० गाड्या काढायचे जाहीर केले. उंच गाडीला पैसा आहे, हे सगळ्यांना कळले आहे. जुन्या होत आलेल्या मॉडेलला नवे रूप द्यायचे, संख्या कमी ठेवायची आणि हौशी गिऱ्हाईकाकडून चांगली किंमत घ्यायची, असा हा धंदा आहे.

आपण यातून काय घ्यायचे?

आपल्याकडेही आता विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्ही प्रकारातल्या आहेत. पण दिसायला उंच आणि चालायला उंच यात फरक असतो. काळे पट्टे, टपावरचे दांडे, चौकोनी तोंड हे झाले रूप. चिखलात रूप कामाला येत नाही.

नाशिकला बनणाऱ्या 'थार'चे उदाहरण घ्या. तिचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. तरी जानेवारी २०२३ मध्ये याच गाडीचा फक्त मागची चाके ओढणारा प्रकार कमी किमतीत आला. तो घेण्यात चूक काहीच नाही. डांबरी आणि मुरमाच्या रस्त्यावर तो पुरतो. पण काळ्या रानातून पावसाळ्यात वाट काढायची असेल, तर दोन चाके ओढणारी आणि चार चाके ओढणारी गाडी एकसारखी दिसते म्हणून एकसारखी चालणार नाही.

दुसरी गोष्ट उंचीच्या आकड्याची. जुलै २०२३ मध्ये एसयूव्हीवरच्या जादा करासाठी जीएसटी परिषदेने १७० मिलिमीटर क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा, असे स्पष्ट केले. हा खुलासा कराचा असला तरी गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावा असा आहे. पाच माणसे आणि मागे खताच्या दोन गोण्या टाकल्या की गाडी बसते. मग चाकोरीच्या मधला उंचवटा नेमका चेंबरला लागतो. म्हणून शोरूममध्ये विचारायचे तर तिथूनच सुरू करावे : कागदावरची उंची रिकाम्या गाडीची की भरलेल्या? ओढ दोन चाकांना की चारही? टायर डांबराचा की मातीचा? पोटाखाली पत्रा आहे का? पडद्याचा आकार आणि छताची काच यांची चौकशी त्यानंतर.

राहिला पारावरचा प्रश्न. स्टेराटो उन्हाळ्यात, मुरूम टाकलेल्या सपाट रस्त्याने खुशाल येईल. तिला चारही चाकांची ओढ आहे. पण मृगाचा पाऊस पडल्यावर काळ्या मातीत ती पोटावर बसेल आणि ओढायला ट्रॅक्टरच न्यावा लागेल.

ज्याच्या दारात चार गाड्या आहेत, त्याला कच्चा रस्ता म्हणजे रविवारची मजा. ज्याला दूध संकलन केंद्रावर वेळेत पोचायचे आहे, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचे आहे, त्याला तोच रस्ता रोजचा. त्याने गाडीची उंची जरूर तपासावी. पण ग्रामसभेत पाणंदीच्या मुरमाचा विषयही लावून धरावा. गाडी पावणेदोन इंच उचलून एकाचीच सोय होते. रस्ता तेवढाच उचलला तर बैलगाडीपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांची होते.